राहिलेले साडेचारशे रुपये

काकू,

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि ओळ सरळ धरली तरी खाली घसरणार. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. वाण्याच्या चिठ्ठीवर मी डाळ-तांदूळ लिहिलं की तुम्ही चिठ्ठी लांब धरून म्हणायच्या, "कौसल्या, हा किराणा आहे का मुंग्यांची रांग?" मंगलच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तुमच्यासमोर मला कधी नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

तुम्ही जाऊन आज नऊ दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. मी सकाळी उठते, केस विंचरते आणि तुमच्या खानावळीच्या दिशेने निघते. रेल्वे फाटकापर्यंत गेल्यावर आठवतं, मग परत येते. असं तीनदा झालं. गयाबाई भेटली की विचारते, "आलं का गं रडू?" मी नाही म्हणते. ती म्हणते, "येईल. घाई न्हाई."

डोक्यात एकच गोष्ट फिरते. तुमच्याकडून घेतलेल्या तीन हजारांतले साडेचारशे रुपये द्यायचे राहिले आहेत. म्हणजे पन्नासचे नऊ हप्ते. पैसे मी जमवले आहेत, डब्यात आहेत. पण द्यायचे कुणाला? तुमचे चिरंजीव माधवराव औरंगाबादहून आले आहेत, तेराव्याला त्यांच्या हातात द्यावे असं ठरवलं आहे. ते 'राहू द्या' म्हणतील, याची मला भीती वाटते. ते भले माणूस आहेत, पण मला माफी नको आहे. मला फेडून मोकळं व्हायचं आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मंगल दुसरीत होती. तिच्या बापाने दुसरं घर केलं होतं आणि मी वाटूरजवळचं आमचं गाव सोडून परतूरला भावाकडे आले होते. भावजयीने आठ दिवस नीट विचारलं, नवव्या दिवशी जेवणाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. हाताने दिलं नाही, पायाने सरकवलं. त्याच दुपारी मी तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही विचारलं, "भाकरी येते का?" मी मान हलवली. तुम्ही पीठ पुढे केलं. मी चार भाकरी केल्या, चारही फुगल्या. तुम्ही म्हणालात, "तोंड आहे का नुसते हातच आहेत?" तरी मी बोलले नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चालेल. बोलणाऱ्या पुष्कळ आहेत इथं."

पहिल्या दिवशी मला एक गोष्ट समजेना. तव्यावरची पहिली भाकरी तुम्ही उचललीत. मला वाटलं गाईला काढून ठेवणार. आमच्या घरी तसंच होतं. तुम्ही ती ताटात घातली, वर पिठलं आणि ठेचा घातला, आणि मोरीपाशी भांडी घासणाऱ्या गयाबाईला हाक मारली, "चल गं, गरम आहे तोवर." ती हात पुसून बाकावर बसली. गिऱ्हाइकांच्या बाकावर. साडेदहाला सगळ्या काम करणाऱ्या बायका आधी जेवायच्या, मग अकरानंतर तहसिलीतले कारकून, मास्तर लोक आणि जिनिंगवाले. उरलेलं खायचं नाही, आधी खायचं. तुमची ती रीतच होती.

एकदा एक कारकून लवकर आले. गयाबाई अजून जेवत होती. ते उभेच राहिले.

"काकू, भांडीवाली बाकावर?"

"मग कुठं बसू दे? मोरीत?"

"तसं न्हाई हो. पण लोक बघतात."

"साहेब, तुमचं ताट रोज तीच घासते. तिचा हात ताटाला चालतो ना? मग बाईनं काय केलंय?"

ते कारकून बसले. गयाबाईने सरकून जागा दिली आणि म्हणाली, "बसा साहेब, मी चावत न्हाई." सगळे हसले. मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होते. मी हसले नाही.

काकू, आता ते लिहिते जे मी तुम्हाला चौदा वर्षांत सांगितलं नाही.

गयाबाई कुठल्या वस्तीतली ते तुम्हाला माहीत आहे. तिची जात मी इथे लिहीत नाही, तुम्ही लिहू दिली नसती. आमच्या गावात तिच्या लोकांना वेशीच्या आत पाणी भरू देत नव्हते. मी शेतकऱ्याच्या घरातली. नवऱ्याने टाकलेली असले, भावजयीने पायाने ताट सरकवलेली असले, तरी तेवढं एक माझ्याकडे शिल्लक होतं, की मी गयाबाईपेक्षा वर आहे. ती मला अगं-तुगं करायची त्याचाही मला राग यायचा. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती, तरी यायचा.

तिसऱ्या दिवसापासून मी घरून जर्मनची ताटली पिशवीत आणायला लागले. ती गयाबाईच्या मोरीत जाऊ द्यायची नाही, आपली आपण धुवायची. बाकावर न बसता चुलीपाशी पाठ करून जेवायचं. तुम्ही म्हणालात, "अगं, इकडे ये की." मी म्हटलं, "मला इथंच बरं वाटतं." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ही पोर अंग चोरते. सासरी कुणी धड ताट दिलेलं दिसत नाही. हिला कुणी हलकं बोलायचं नाही." पुढच्याच आठवड्यात एकाने मला 'ए भाकरवाली' अशी हाक मारली, तर तुम्ही त्याला माझं नाव तीनदा म्हणायला लावलंत.

तुम्हाला वाटलं मी स्वतःला कमी समजते. खरं उलटं होतं. मी गप्प बसले. तुमची माया मी खोटेपणाने घेतली, काकू.

ती ताटली दीड-दोन वर्षं चालली. मग एक दिवस ज्वारीचं पोतं तिच्यावर पडलं आणि ती चपटी झाली. नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून मी खानावळीच्या ताटात जेवले. माझं मन वगैरे काही बदललं नव्हतं. गयाबाईने बघितलं आणि म्हणाली, "पाटलीणबाई, आज आमच्या ताटात? मीच घासलंय बरं का." मी नुसतं 'हूं' केलं. तेव्हापासून ती मला पाटलीणबाईच म्हणते. हळूहळू सवय झाली. बाकावरही बसायला लागले. सवय झाली एवढंच. तुमच्यासारखं काही माझ्या आत होतं असं मी म्हणणार नाही.

तुमच्यातही खोडी होत्या, त्याही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल काय आरती लावलीस. वरणात मीठ जास्त पडायचं आणि तुम्ही ते कधी कबूल केलं नाही. "तुमच्या जिभा पुचाट," असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. लोणच्याची बरणी लपवायच्या आणि मग स्वतःच शोधत बसायच्या. रागावलात की लाटणं आपटायच्या. माझ्यावर मात्र कधी आपटलं नाही.

मंगल दहावी होऊन घरी बसली होती. भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या साली तिचा नंबर जालन्याला नर्सिंगला लागला. फी, वसतिगृह, पांढरे कपडे, सगळं मिळून तीन हजार. भाऊ म्हणाला, लग्न करून टाक. मी तुम्हाला काही मागितलं नव्हतं. मी फक्त दोन दिवस भाकरी करपवल्या. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. चार दिवसांनी तुम्ही रुमालात बांधलेले पैसे दिलेत. त्यात दहा-वीसच्याच नोटा जास्त होत्या. मी तुमच्या पाया पडायला वाकले, तर तुम्ही मागे सरकलात.

"पाया पडू नको. हे फेडायचे आहेत. महिन्याला पन्नास. चुकवायचं नाही."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तुम्ही स्टेशनवर आलेल्या वेड्या बाईला वर्षभर फुकट जेवू घातलं होतं. माझ्याकडून मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हात पुढे. मंगलला कावीळ झाली त्या महिन्यात मी म्हटलं, या वेळी राहू द्या.

"नाही. पन्नास नसतील तर दहा दे."

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. दहाची नोट ओट्यावर टाकली आणि म्हणाले, "दुनियेला फुकट घालता. माझी लेक पिवळी पडलीय, तिच्या औषधाचं दिसत नाही तुम्हाला?"

तुम्ही नोट उचललीत, सरळ केलीत. म्हणालात, "ते माझ्या हातात नाही, कौसल्या."

संध्याकाळी तुम्हीच उसाच्या कांड्या आणि फुटाणे घेऊन आमच्या घरी आलात, मंगलच्या उशाशी बसलात. ऊस पंधरा रुपयांचा तरी असेल. मला काही समजेना. दहा रुपये सोडत नाहीत आणि पंधराचा ऊस आणतात. तुमच्या हातात नाही तर कुणाच्या हातात? पैसे तुमचे. मी हे पुढे चार वर्षं मनात भांडत राहिले. तुम्हाला परत विचारलं नाही. आता विचारायचं म्हटलं तर तुम्ही नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीसारखी आले. चूल पेटलेली नव्हती, आत माणसं होती. मला काय करावं समजेना, म्हणून मी परात घासायला घेतली. स्वच्छच होती, तरी घासत राहिले. गयाबाईने हातातून काढून घेतली. म्हणाली, "ते माझं काम हाय. तू जा, काकूपाशी बस." मी बसले. तुमच्या हाताला पीठ नव्हतं. तेवढंच मी बघत राहिले.

इथपर्यंत लिहून वही ठेवून दिली होती. काल तुमचा तेरावा झाला. आता पुढचं लिहिते. हात जड झाला आहे, समजून घ्या.

जेवणं उरकल्यावर मी माधवरावांपुढे गेले आणि साडेचारशे पुढे केले. कशाचे ते त्यांना सांगितलं. जे वाटलं होतं तेच झालं.

"कौसल्याताई, ठेवा ते. आईच गेली, आता हिशोब कसला? आईनं दिले असं समजा."

"न्हाई," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

"अहो, मला आनंदच आहे. थांबा, तुमच्यासमोर वहीतून काट मारतो, म्हणजे तुमच्या मनाला बरं वाटेल."

त्यांनी तुमची लाल वही आणली. माझं नाव शोधलं. पेन उघडलं आणि थांबले. वरची ओळ वाचली, खालची वाचली, पानं उलटली. मग त्यांनी मोठ्याने वाचलं. "कौसल्याकडून पन्नास आले. गयाबाईस दिले." पुढच्या महिन्याला तेच. त्याच्या पुढच्या महिन्याला तेच. एका ठिकाणी दहा, त्याच्या पुढे नव्वद. "गयाबाईस दिले."

सगळ्यात वर तुमच्या अक्षरात होतं, "गयाबाईचे तीन हजार, कौसल्याला दिले. माझे म्हणून."

गयाबाई मोरीत तेराव्याची पातेली घासत होती. माधवरावांनी पेन मिटलं. म्हणाले, "हे मला माफ करता येणार नाही. माझे नाहीतच हे." आणि ते आत निघून गेले. मी मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

"गयाबाई, ते पैसे तुझे होते?"

"मंग? काकूकडं काय झाड होतं पैशाचं? त्यांच्या मालकाच्या दवाखान्यातच सगळं गेल्तं."

"मला कामून नाही सांगितलं?"

तिने मान वर केली नाही. राख घेतली आणि पातेलं फिरवत राहिली.

"सांगितलं असतं तर घेतले असते का तू, पाटलीणबाई? माझ्या मोरीत तुझी ताटली येत नव्हती. मी काकूला म्हणलं, तुमचे म्हणून द्या. पोरीचं नुकसान कामून करायचं? पर म्हणलं, परत बराबर पाह्यजे. घर पत्र्याचं करायला ठेवल्ते मी."

"म्हणजे काकूंना ताटलीचं माहीत होतं?"

"काकूला काय, भिंतीला माहीत होतं."

मी तिथेच खाली बसले. तिने ओलं पातेलं माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "बसलीच हायेस तर पुस."

काकू, तुम्हाला माहीत होतं. 'ही पोर अंग चोरते' असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात तेव्हाच माहीत होतं. कारकुनाला तुम्ही तोंडावर बोललात, मला का बोलला नाहीत? कालपासून डोक्यात हाच प्रश्न आहे. मी बोलायच्या लायकीची नव्हते का? का तुम्हाला वाटलं, जिच्यापाशी तेवढं एकच उरलं आहे, तिच्याकडून ते हिसकावून घेऊ नये? मला रागवायला हवं होतं काकू. एकदा लाटणं आपटायला हवं होतं. मी रडले असते, चार दिवस कामावर आले नसते, पण आले असते परत. तुम्ही मला वाचवलंत आणि गयाबाईला रोज माझी पाठ बघायला लावलीत. हे तुमचं चुकलं असं मला वाटतं. तुमचं चुकलं असं मी म्हणू शकते, हेही मी तुमच्याकडेच शिकले.

आणि तुम्ही गयाबाईला दिलेलं वचन पाळलंत. कावीळ झाली तेव्हा, मी ओरडले तेव्हा, 'अगं, हे गयाबाईचे आहेत' एवढं म्हणाला असतात तरी सुटला असतात. स्वतःवर कंजूसपणा घेतलात. ते पैसे माफ करायचा हक्क तुम्हाला नव्हता. भांडी घासणाऱ्या बाईचे पैसेसुद्धा पैसेच, ते आपल्या मोठ्या मनाने दुसऱ्याला वाटून टाकायचे नसतात, हे तुम्ही धरून बसलात. तुम्ही कुणाला मोठं केलं नाही. माणूस मोठं असतंच असं समजून वागलात. मला ते दिसत होतं रोज साडेदहाला, पण मी चुलीकडे तोंड करून बसले होते.

आज सकाळी मी गयाबाईच्या घरी गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. नाल्याच्या पलीकडे, विचारत विचारत. वस्तीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एकीने विचारलं, "कोण पाह्यजे, बाई?" मी म्हटलं, "गयाबाई." ती म्हणाली, "गयाबाय, तुझी पाटलीण आली बघ." म्हणजे मी तिथे अशी माहीत आहे.

घरावर अर्ध्या भागात पत्रे आहेत. अर्ध्या भागात तेलाचे डबे ठोकून सपाट केलेले आहेत. पत्रे पन्नास-पन्नासने आलेले आहेत, ते दिसतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. तीन हजार एकदम असते तर एका दिवसात घर झालं असतं. पाच पावसाळे ती त्या डब्यांखाली राहिली, आणि मंगल पांढरे कपडे घालून वडीगोद्रीच्या दवाखान्यात बायकांची बाळंतपणं करते. छातीत काही नाही, डोळ्यांत काही नाही.

मी म्हटलं, "गयाबाई, ताटलीचं माझं चुकलं."

ती सूप पाखडत होती. थांबली नाही.

"चुकलंच," ती म्हणाली. "मला काय वाटत होतं ते तुला आता सांगू का? न्हाई सांगत. कामाच्या टायमाला कशाला." मग म्हणाली, "मंगल येती का गं सुट्टीला? माझ्या सुनेला सातवा हाय. तिला दाखवायचं हाय. जल्दी यायला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

मग मी पैसे पुढे केले. तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि घेतले. बोटाला थुंकी लावून एकेक नोट मोजली. एक नोट उजेडाकडे धरली.

"ही चिकटवलेली हाय. दुकानदार घेत न्हाई असली. बदलून दे."

माझ्या बटव्यात घरखर्चाची एक पन्नासची होती. ती काढून दिली. तिने पुन्हा पहिल्यापासून सगळ्या मोजल्या, घडी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"बराबर," ती म्हणाली. "फिटले."